शिफारशीचं मी बघतो

८ ऑगस्ट

चि. भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी सकाळी मी ह्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करत होते. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. बादलीत धुणं भिजत होतं, दूध उतू जायच्या बेतात होतं, भिंगरी पाळण्यात रडत होती, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पांघरुणात पडून होतात. पाणीपुरवठा कार्यालयाची परीक्षा तोंडावर आली होती आणि आपण नापास होणार अशी तुमची खात्री होती. हे दाढी करता करता म्हणाले की पहिल्या बसने जातो आणि तिथल्या साहेबांना भेटून येतो. मी शर्ट हातात दिला तेव्हा तो अजून गरम होता.

ही सकाळ आजच का आठवली ते सांगते. काल भिंगरीचं पत्र आलं. तिने सहज लिहिलंय की शाळेआधी ती टायपिंगच्या क्लासला जाते, उच्च गणिताचा तास नेमका त्याच वेळेला असतो म्हणून तिचा तो विषय सुटला, आणि आता ती व्यवहार गणिताच्या वर्गात बसते. पुढे लिहिलंय की काका म्हणाले, तुझ्या आईला सगळं माहीत आहे.

भाऊजी, आईला काहीही माहीत नाही.

मे महिन्यात विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली तेव्हा मी ती दुकानात बसून वाचली. मला वाचायला कुणी शिकवलं नाही. कपडे गुंडाळायला रद्दी आणायची आणि गुंडाळण्याआधी तो कागद वाचायचा, असं करत करत मी शिकले. तुम्हीच मला हसायचात, की वहिनीच्या दुकानात शर्टापेक्षा कागद जास्त वेळ थांबतो. त्या पुस्तिकेत संगणकाच्या पदवीपुढे लिहिलं होतं, शाळेतली तयारी: उच्च गणिताची शिफारस. व्यापार व्यवस्थापनाच्या पदवीपुढेही तेच. मी ती ओळ उतरवून तुम्हाला पाठवली आणि विचारलं की एवढं बघाल का. तुमचं उत्तर एका ओळीत आलं, की शिफारशीचं मी बघतो. मी ते कार्ड इस्त्रीच्या टेबलासमोर खिळ्याला अडकवून ठेवलं आणि निश्चिंत झाले.

काय बघितलंत तुम्ही? आमच्या इथल्या शाळेत उच्च गणित शिकवत नाहीत, तुमच्या तिथे शिकवतात, एवढ्या एका कारणासाठी मी पोरीला डोळ्यांआड केलं. नाहीतर मला काय ती जड झाली होती? संध्याकाळी दुकानाची फळी लावून घरात आले की दोन माणसांच्या जागा रिकाम्या दिसतात. एक भरून येणार नाही. दुसरी मी आपल्या हाताने रिकामी केली, ती कशासाठी? टायपिंगसाठी? टायपिंग तर इथे दुकानासमोरच शिकवतात.

मी रागावले आहे आणि तो राग शब्दांत झाकायचा प्रयत्न करत नाही. जूनपासूनचे दिवस वाया गेले. अजून काही करता येतं का, ते शाळेत विचारून कळवा.

धाकट्या जाऊबाईंना आशीर्वाद. माया आहे म्हणून इतकं लिहिलं, नसती तर कागद वाचवला असता. उत्तर लवकर यावं.

तुमची वहिनी


१३ ऑगस्ट

ती. स्व. वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. काय बघितलं म्हणून मला विचारता? वहिनी, मेपासून माझ्या चपला झिजल्या. मी बोलून दाखवत नाही, हा माझा स्वभाव. पण आता विचारलंतच तर ऐका.

उच्च गणिताला शिफारस आहे, हे तुम्हीच लिहिलं होतं. शिफारशीशिवाय कुठलं दार उघडतं? सोळा वर्षं कार्यालयात काढली, मला कुणी सांगायला नको. उलट मला त्या विद्यापीठाचं कौतुकच वाटलं. बाकीचे आतून वशिले चालवतात, यांनी उघड छापून टाकलं. त्यातही उच्च शिफारस म्हटल्यावर लहानसहान माणूस चालायचा नाही, म्हणून मी थेट आमच्या मोठ्या साहेबांना गाठलं. त्यांचे मेहुणे विद्यापीठाच्या कसल्याशा समितीवर आहेत. साहेब स्वतःच्या छापील कागदावर पत्र देणार आहेत. नुसतं हो म्हणवून घ्यायला मला किती वेळा त्यांच्या बंगल्यावर जाऊन बसावं लागलं, ते तुमच्या जाऊबाईंना विचारा.

आता विषयाचं. शिफारस असली तरी गुणपत्रिकाही चांगली दिसायला हवी. उच्च गणितात भल्याभल्यांचे गुण घसरतात. व्यवहार गणित म्हणजे व्याज, टक्केवारी, नफातोटा. भिंगरीला ते डोळे मिटून येतं. दोन्ही बाजू भक्कम झाल्या की नाही? सकाळ मोकळी झाली म्हणून टायपिंगला घातलं. आमच्याकडे संगणक आले तेव्हा ज्याची बोटं चालली तोच टिकला, बाकीचे अजून धूळ खात पडलेत. आणि समजा संगणकाचं नाहीच जमलं, तर व्यापार व्यवस्थापन आहे. मुलीच्या जातीला ते बरंही. तिथे लागतो तेवढा हिशेब तिला आत्ताच येतो.

तुम्ही त्या सकाळची आठवण काढलीत आणि माझे डोळे भरले. तो पांढरा शर्ट मला अजून दिसतो. दादाने त्या दिवशी साहेबांकडे शब्द टाकला नसता, तर मी आज कुठे असतो? विजेच्या मोटारींचं वायंडिंग करून हात भाजून घेणारा माझा भाऊ माझ्यासाठी कुणापुढे तरी हात जोडून उभा राहिला. ते ऋण मी त्याच्या हयातीत फेडलं नाही. आता त्याच्या मुलीसाठी मी तसाच उभा राहतोय, तर तुम्ही मला जाब विचारता! वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

विषय बदलण्याचं मनात आणू नका. मी साहेबांना सगळं सांगून बसलोय. आता घडी विस्कटली तर मला त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तब्येतीला जपावं. रागाच्या खाली जी माया आहे तिच्यात या दिराला जागा राहू द्यावी.

आपला,
भाऊजी


१९ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काकांच्या हाती पडलं तेव्हापासून घरात भांड्यांचा आवाज वाढलाय. काका पेपरात डोकं घालून बसतात आणि काकू जरा जास्तच गाणं गुणगुणतात. मी मध्ये.

आई, मला खरंच वाटलं होतं की तुला माहीत आहे. काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं की तुझ्या आईने मला लिहिलंय आणि आमचं ठरलंय. मला वाईट वाटलं होतं, पण वाटलं, तुझं काहीतरी कारण असेल.

आता जे झालं ते सांगते. साहेबांच्या पत्राला जोड म्हणून गणिताच्या बाईंकडूनही एक शिफारसपत्र घेऊन ये, असं काका म्हणाले. मी मधल्या सुट्टीत गेले. बाई फळा पुसत होत्या. मी त्यांना म्हटलं की विद्यापीठात उच्च गणिताची शिफारस लागते, ती लिहून द्याल का. बाई इतक्या हसल्या की खडूची पूड घशात जाऊन त्यांना ठसका लागला. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पुस्तिका काढली आणि त्या ओळीवर बोट ठेवून मला मोठ्याने वाचायला लावली.

बाई म्हणाल्या की ही माणसाची शिफारस नव्हे, विषयाची आहे. विद्यापीठ सांगतंय की हा विषय शिकून या. सक्ती केलेली नाही, म्हणून त्याच्याशिवायही प्रवेश मिळतो आणि लोक फसतात. आत गेल्यावर पहिल्या तासापासून सगळे प्राध्यापक तुम्हाला हे येतंय असं धरून चालतात. दार उघडं, पण जिन्याच्या खालच्या पायऱ्या काढून ठेवलेल्या. बाई म्हणाल्या की व्यापाराच्या पदवीलाही हेच, तिथेही नुसता नफातोटा नसतो, आकड्यांवरून पुढचे अंदाज बांधायचे असतात. आणि संगणकाचं तर विचारूच नको. यंत्राला एखादी गोष्ट पायरीपायरीने समजावून सांगायची, एकही पायरी गाळायची नाही, ही सवय उच्च गणितातच लागते. बोटं कितीही पळोत, डोक्यात पायरी नसेल तर बोटांनी काय लिहायचं? आमच्याच शाळेतून गेलेला एक मुलगा पहिल्या सहामाहीत परत आला. तो हुशार होता, असं बाई दोनदा म्हणाल्या.

मला रडू आलं नाही. राग आला. आणि तो काकांवर येण्याआधी माझ्यावर आला, की मी जूनमध्येच बाईंना का विचारलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. दर रविवारी मी साहेबांच्या बंगल्यावर जाते. ते निवृत्त होणार आहेत आणि त्यांना आपल्या भाषणांचं पुस्तक काढायचंय. ती भाषणं मी टाईप करते. काका म्हणाले की शिफारस घ्यायची तर एवढं करावं लागतं. साहेबांनी मला विचारलं की तू पुढे काय शिकणार, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन घेतला. पुढच्या रविवारी परत तेच. त्यांच्या घरात मला टायपिस्ट म्हणतात. भाषणं पाण्याच्या काटकसरीवर आहेत आणि भयंकर लांब आहेत.

बाई म्हणाल्या आहेत की ऑगस्ट संपेपर्यंत विषय बदलता येतो. त्या एक छोटी परीक्षा घेतील. रोज मधल्या सुट्टीत त्या मला मागचा भाग शिकवतायत. अवघड आहे, आई, पण एखादं गणित सुटलं की बाबांनी मोटार जोडून बटण दाबल्यावर ती फिरायला लागायची ना, तसं वाटतं. फक्त पालकाची सही लागते. काकांना विचारलं तर म्हणाले की साहेबांचा अपमान होईल. बाई म्हणतात की आईची सहीही चालेल, चालायलाच हवी.

मी काकांशी उलट बोललेले नाही. ते माझ्यासाठी रोज बसस्टॉपपर्यंत येतात, पाऊस असला तरी छत्री माझ्यावर धरतात. म्हणून तर जास्त कठीण आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
तुझी भिंगरी


(त्याच पाकिटात)

मोठ्या जाऊबाईंस नमस्कार.

भिंगरीच्या पाकिटात जागा होती म्हणून दोन ओळी घुसवते. तुम्ही यांच्यावर रागावलात ते बरंच झालं. मी रागावले की यांना ते रेडिओसारखं वाटतं, आवाज कमी करून पेपर वाचत बसतात.

यांच्या डोक्यात शिफारस म्हणजे साहेब, दुसरा अर्थच नाही. गेल्या वर्षी डॉक्टरांनी यांना सकाळी फिरायची शिफारस केली होती. हे फिरायला गेलेच नाहीत. डॉक्टरांचा कागद साहेबांना दाखवून उशिरा यायची परवानगी काढली आणि तेवढा वेळ जास्त झोपले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पोरगी कोपऱ्यात बसून गणितं सोडवते तेव्हा तिच्या कपाळावरची आठी बघून मला मोठ्या भाऊजींची, तिच्या बाबांची, आठवण येते. ती रविवारी त्या बंगल्यावरून येते तेव्हा मात्र तिच्याकडे बघवत नाही. मी सही केली असती, पण काकूची चालत नाही म्हणतात. तुम्ही यांचे कान पिळा. अगदी उपटू नका, मला ते पुढेही वापरायचे आहेत.

तुमच्या पाठीशी असलेली,
धाकटी


२४ ऑगस्ट

चि. भाऊजी यांस,
आशीर्वाद.

तुमचं पत्र आलं. त्याच्यामागून भिंगरीचंही आलं. दोन्ही समोर ठेवून बसले आहे. इस्त्री थंड पडली, गिऱ्हाईकांना उद्या या म्हणून सांगितलं.

आधी वाटलं होतं की तुम्ही विसरलात. विसरला असतात तर बरं झालं असतं, भाऊजी. तुम्ही विसरला नाहीत. झटून, चपला झिजवून, पोरीला चुकीच्या वाटेने नेलंत. तिकडे पुस्तिका ओरडून सांगत होती की हे शिकून या, आणि तुम्ही ऐकलंत की कुणाला तरी भेटून या. एका शब्दाने असं फसावं? घरात पुस्तिका होती, शाळा होती, शाळेत गणिताची बाई होती. त्यांपैकी कुणालाही न विचारता तुम्ही गेलात कुठे, तर बंगल्यावर.

आणि माझी मुलगी त्या माणसाची भाषणं टाईप करते! रविवारच्या रविवार! ज्याला तिचं उत्तर ऐकून घ्यायला सवड नाही, त्याची! मी लोकांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवते, त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, कारण ते काम आहे आणि मी ते काम म्हणून करते. तिला तुम्ही मेहेरबानीच्या बदल्यात बसवलंत. ह्यांची मुलगी कुणाच्या तरी व्हरांड्यात मर्जीची वाट बघत बसली, हे वाचून माझ्या अंगाची आग झाली. येत्या रविवारी ती जाणार नाही. साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मुलीच्या जातीला काय बरं, हेही यापुढे मला लिहू नका.

आता त्या शर्टाचं सांगते. सांगणार नव्हते. ह्यांना शब्द दिला होता, आणि हे गेल्यावर तो जास्तच घट्ट धरून ठेवला होता. पण तुम्ही त्या शर्टाच्या जोरावर माझ्या पोरीचा विषय काढून घेतलात, तेव्हा आता तो शर्ट उलटून बघा.

त्या संध्याकाळी हे परत आले आणि शर्ट काढून माझ्याकडे दिला. पुढून घडी होती तशीच. पाठीला मात्र निळसर चुना, खांद्यापासून कमरेपर्यंत. खुर्चीत बसून बोलणी केलेल्या माणसाच्या पाठीवर आडव्या चुण्या पडतात, चुना लागत नाही. मी विचारलं की कुठे टेकला होतात. आधी टाळलं, मग म्हणाले की शिपायाने आत सोडलंच नाही. दिवसभर कुंपणाच्या भिंतीला टेकून उभे होते. साहेबांची मोटार आली तशी गेली. हात जोडायला समोर कुणी आलंच नाही, भाऊजी. शब्द कुणाकडे टाकणार?

मग ते तुमच्या पांघरुणापाशी जाऊन बसले आणि म्हणाले की साहेबांशी बोललोय, काळजी मिटली, तू फक्त पेपर लिहून ये. तुम्ही ताडकन उठलात. तोंड धुतलंत, पुस्तक उघडलंत आणि परीक्षेपर्यंत मिटलं नाहीत. पास झालात ते तुमच्या अभ्यासाने. त्या यादीत तुमचं नाव तुम्ही लिहिलंत, दुसऱ्या कुणी नाही. मी चुना झटकत होते तेव्हा हे मला म्हणाले की त्याला कधी सांगू नकोस, कुणीतरी पाठीशी आहे असं वाटू दे, त्याला तेवढंच कमी पडत होतं.

त्यांना वाटलं होतं की तुम्ही एक परीक्षा पास व्हाल आणि विसरून जाल. तुम्ही ते आयुष्यभर धरून बसाल, मिळालेली प्रत्येक गोष्ट कुणाची तरी कृपा मानाल, स्वतः कमावलेल्या खुर्चीवरही अर्धेच बसाल, आणि शेवटी त्यांच्याच मुलीला तसंच बसायला शिकवाल, हे त्यांना कसं कळावं? मी तुमच्यावर जितकी चिडले आहे, तितकीच आज त्यांच्यावरही चिडले आहे. आणि भांडायला ते नाहीत. ह्याचाही राग तुमच्यावरच निघतोय, तो निघू द्या.

ऋण फेडायचं म्हणता. कसलं ऋण? फेडायचंच असेल तर ह्यांनी त्या संध्याकाळी जे केलं ते करा. तिच्यापाशी बसा आणि अभ्यासाला लावा. खोटं बोलायचीही गरज नाही, ती आधीच उठून बसली आहे.

छत्रीचं भिंगरीने लिहिलंय. ते मी दोनदा वाचलं.

जाऊबाईंना आशीर्वाद. तुमच्यावर रागावण्याचा हक्क मला तुम्हीच दिलात, तो असाच राहावा.

तुमची वहिनी

ता. क. हे पत्र टपालात टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, दुकानाला कुलूप लावून पहिली बस धरली आणि शाळेत गेले. गणिताच्या बाईंनी माझ्यादेखत भिंगरीची परीक्षा घेतली, ती पास झाली, आणि पालकाच्या जागी मी सही केली. तिला उच्च गणिताच्या वर्गाच्या दारात सोडलं. मग तुमच्या कार्यालयापाशी आले. शिपाई आत जा म्हणाला. मी गेले नाही. कुंपणाच्या भिंतीशी उभी राहून, न टेकता, एवढ्या ओळी लिहिल्या, आणि आता हा कागद शिपायाच्या हातात देते आहे.